९५ अंश दाखवणारा प्रोसेसर खरोखर तेवढा तापलेला असतो का?

३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि तो आकडा विदर्भातल्या गावोगावच्या मोबाइलवर फिरू लागला. आदल्याच दिवशी दिल्लीतील मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९ अंशांची नोंद केली होती. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला किंवा वर्धा येथे राहणाऱ्याला ४५ अंशांचे नवल वाटत नाही, पण ५६ हा आकडा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, वावरात राबणाऱ्यालाही पटण्यासारखा नव्हता. नागपूर परिसरातील इतर काही स्वयंचलित केंद्रे त्या दिवशी ४४ अंशांच्या आसपास होती. तो आकडा सेन्सरच्या बिघाडामुळे आल्याचे भारतीय हवामान विभागाने पुढे स्पष्ट केले, आणि मुंगेशपूरचे यंत्रही प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहिल्यावर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले.

या दोन प्रकरणांत आकड्याची शहानिशा करण्याच्या दोन वाटा दिसतात. एक म्हणजे शेजारच्या नोंदी काय म्हणतात आणि तो आकडा निसर्गनियमाला धरून आहे का, हे पाहणे. दुसरी म्हणजे त्याच जागी खात्रीचा तापमापक ठेवून तुलना करणे. संगणकाच्या प्रोसेसरबाबत दुसरी वाट जवळजवळ बंद आहे, कारण नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्याच्या आत आपल्याला तापमापक खुपसता येत नाही. त्यामुळे पहिली वाटच नीट चालावी लागते, आणि ती चालण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. खोलीतील तापमान, हाताचा स्पर्श, घड्याळ आणि थोडा धीर एवढ्यावर काम भागते.

मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचे काम करतो. एप्रिल उजाडला की शाळा, ग्रामपंचायती, फोटो स्टुडिओ आणि कृषी केंद्रे यांच्याकडून एकच तक्रार येऊ लागते, की स्क्रीनवर ९० किंवा ९५ अंश दिसतात, हे खरे मानावे का. आतापर्यंतचा माझा अनुभव असा आहे, की बहुतेक वेळा आकडा खरा असतो आणि तो आपल्याला आवडत नाही म्हणून सेन्सरवर खापर फुटते. तो चुकीचा असला तरी सेन्सर स्वतः बिघडलेला क्वचितच आढळतो. सेन्सरने सांगितलेले सॉफ्टवेअरने चुकीचे वाचलेले असते, किंवा तो आकडा प्रोसेसरचा नसतोच.

येथे एका शब्दाचा घोळ आधी मिटवायला हवा. आपल्याकडे टेबलाखालच्या संपूर्ण डब्याला ‘सीपीयू’ म्हणतात, त्यामुळे ‘सीपीयू गरम होतो’ या तक्रारीचा अर्थ डब्याचा पत्रा गरम लागतो असाही असू शकतो. या लेखात डब्याला कॅबिनेट म्हटले आहे आणि प्रोसेसर म्हणजे मदरबोर्डवर (आतल्या मुख्य पट्टीवर) बसवलेली, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) आणि पंख्याखाली झाकलेली ती चपटी चिप. कूलर हा शब्दही दुहेरी आहे. दुकानदार प्रोसेसरवरच्या पंख्याला कूलर म्हणतात, पण विदर्भात कूलर म्हटले की खिडकीला लावलेला, वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपवणारा पत्र्याचा डबाच डोळ्यांसमोर येतो. येथेही तोच अर्थ घ्यावा.

आता सेन्सरकडे वळू. प्रोसेसरच्या आत पारा नसतो किंवा तापमापकाची नळीही नसते. सिलिकॉनमध्येच घडवलेल्या डायोडसारख्या सूक्ष्म भागातून स्थिर विद्युतप्रवाह सोडला, तर त्यावरील व्होल्टेज तापमानाच्या प्रत्येक अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने उतरते, आणि या उतारावरून तापमान काढले जाते. ही पद्धत चांगली आहे, परंतु प्रत्येक चिप तंतोतंत सारखी निपजत नसल्यामुळे कारखान्यात तिची जुळणी करावी लागते, आणि ती जुळणी सेन्सरच्या मुख्य कामाला सोयीची असते. हे काम आपल्याला आकडा दाखवण्याचे नाही. चिप धोक्याच्या मर्यादेजवळ पोहोचताच तिला सावध करणे, हे ते काम आहे. म्हणून असा सेन्सर वरच्या टोकाला, म्हणजे ८०-९० अंशांच्या पुढे, बराच भरवशाचा असतो आणि खालच्या टोकाला, म्हणजे ३०-४० अंशांना, काही अंशांनी सहज चुकतो. थंड असताना दिसणाऱ्या विचित्र आकड्यावरून पुष्कळ लोक सगळ्याच नोंदी खोट्या ठरवतात, तसे करू नये.

इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तर सेन्सर थेट तापमान सांगतच नाही. ‘कमाल मर्यादेपासून मी इतके अंश खाली आहे’ एवढेच तो सांगतो. विहिरीत पाणी किती आहे हे न सांगता काठापासून किती हात खाली आहे ते सांगावे, तसा हा प्रकार आहे. या मर्यादेला तांत्रिक भाषेत टीजे मॅक्स म्हणतात आणि अनेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ती १०० अंश असते. सेन्सर ‘४० खाली’ म्हणाला, तर सॉफ्टवेअर १०० मधून ४० वजा करून ६० दाखवते. सॉफ्टवेअरने मर्यादा ८५ मानली, तर त्याच क्षणी तीच चिप ४५ अंशांवर दिसेल. जुन्या कोअर टू काळातील प्रोसेसरमध्ये हीच अडचण होती, कारण सॉफ्टवेअरला मर्यादा अंदाजाने धरावी लागत असे आणि एकाच यंत्रावर दोन सॉफ्टवेअरमध्ये १०-१५ अंशांचा फरक पडत असे. २००८ च्या अखेरीस आलेल्या पिढीपासून ही मर्यादा चिपमध्येच लिहिलेली असते आणि सॉफ्टवेअर ती तेथून वाचते. त्यामुळे शाळेच्या प्रयोगशाळेत अजून तग धरून असलेल्या कोअर टूच्या आकड्यावर शंका घ्यायला जागा आहे. मागच्या दहा वर्षांतल्या इंटेल यंत्राबाबत ही शंका सहसा गैरलागू ठरते.

प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी एएमडी, तिची गोष्ट निराळी आणि थोडी गमतीची आहे. २०१७ मध्ये रायझन मालिका बाजारात आली तेव्हा रायझन ७ १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर मुद्दाम २० अंश जास्त सांगत असत. मालिकेतील वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी पंखा फिरवण्याचे धोरण एकसारखे राहावे म्हणून खऱ्या तापमानात २० मिळवून नियंत्रणाचा आकडा तयार केला जात होता, आणि हे कंपनीने स्वतः सांगितले होते. त्याच मालिकेतील साध्या १७०० मध्ये ही भर नव्हती. आमच्या भागातील एका छायाचित्रकाराने लग्नाच्या चित्रफिती जोडण्यासाठी असाच एक जुना १७००एक्स घेतला होता. त्याच्या मदरबोर्डवरील सॉफ्टवेअर ८८ दाखवत असे आणि त्याच वेळी दुसरे सॉफ्टवेअर ६८. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. एक पंख्यासाठी होता आणि दुसरा चिपचा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे दोन आकडे ‘टी-कंट्रोल’ आणि ‘टी-डाय’ अशा अर्थाच्या नावांनी दिसतात, आणि आपल्याला हवा असतो तो ‘डाय’चा, म्हणजे चिपचा.

मदरबोर्डचेही स्वतःचे सेन्सर असतात आणि सर्वांत हास्यास्पद आकडे तेथूनच येतात. मदरबोर्डवर तापमान, व्होल्टेज आणि पंख्याचे फेरे मोजणारी एक वेगळी चिप असते. तिला तापमानासाठी अनेक टोके दिलेली असतात, पण मदरबोर्ड बनवणारी कंपनी त्यांतली काहीच वापरते. उरलेल्या रिकाम्या टोकांनाही सॉफ्टवेअर वाचायला जाते आणि तेथे १२७ अंश, कधी शून्याखाली १२८ अंश असे आकडे उमटतात. एका शाळेतील शिक्षकांनी १२७ अंश पाहून प्रयोगशाळेतील यंत्राची वायर काढून ठेवली होती आणि मुलांना त्या टेबलाजवळ जाऊ देत नव्हते. काळजी रास्त होती, पण तो आकडा यंत्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत एका अंशानेही हलत नव्हता. खरे तापमान असे वागत नाही. विंडोजच्या आत दडलेला ‘थर्मल झोन’ नावाचा आकडाही बऱ्याच यंत्रांत असाच गोठलेला असतो. कित्येक संगणकांत तो कायम २७.८ अंशच दाखवतो, मग बाहेर पौष असो वा वैशाख. येथे हेही ध्यानात घ्यावे, की विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते, प्रोसेसरचे दिसत नाही, त्यामुळे तेथील आकडा पाहून प्रोसेसरविषयी निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

एक साधी चूक आणखी आहे. सॉफ्टवेअर फॅरनहाइटवर ठेवलेले असले, तर १४० हा आकडा दिसतो आणि छातीत धस्स होते. प्रत्यक्षात ते ६० अंश सेल्सिअस असतात. तसेच तापमान दाखवणारी दोन-तीन सॉफ्टवेअरे एकाच वेळी सुरू ठेवू नयेत. ती एकाच चिपला एकाच वेळी विचारायला गेली, तर एकाचे उत्तर दुसऱ्याच्या हाती पडते आणि मध्येच एखादा अशक्य आकडा ‘कमाल’ या रकान्यात कायमचा बसतो.

हे सगळे गैरसमज बाजूला सारल्यावर खरी तपासणी सुरू होते, आणि तिचा पाया खोलीच्या तापमानात आहे. पंख्याच्या वाऱ्याने थंड होणारी कोणतीही वस्तू त्या वाऱ्यापेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीत ३८ अंश असताना सुरू असलेला प्रोसेसर ३१ दाखवत असेल, तर तो आकडा निश्चितपणे चुकीचा आहे; त्यासाठी दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. एएमडीचे जुने एफएक्स प्रोसेसर रिकामे बसले असताना असे आकडे दाखवत, याचे कारण वर सांगितलेलेच आहे, की सेन्सरची जुळणी वरच्या टोकासाठी केलेली होती.

विदर्भात मात्र ‘खोलीचे तापमान’ कोणते धरायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ओसरीवर टांगलेला तापमापक ४४ दाखवतो, कूलरच्या समोर बसलेल्या माणसाला ३० अंशांची हवा लागते, आणि टिनाच्या छताखाली कोपऱ्यात भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटच्या मागे ४२ असतात. आपल्याला कॅबिनेटमध्ये शिरणारी हवा मोजायची आहे, म्हणून तापमापक कॅबिनेटच्या हवा ओढणाऱ्या जाळीजवळ, पण मागच्या गरम झोतापासून दूर, दहा मिनिटे ठेवावा. पोल्ट्रीच्या शेडमध्ये टांगतात तो साधा तापमापकही चालतो. मे महिन्यात हवा कोरडी असल्यामुळे कूलर तापमान पुष्कळ उतरवतो, आणि आषाढात ती दमट झाली की तोच कूलर फारसे काही करत नाही. त्यामुळे बाहेर ऊन कमी होऊनही प्रोसेसरचा आकडा फारसा उतरला नाही, तर त्यात गूढ काही नसते.

काम तेच असेल, तर प्रोसेसर आणि आत शिरणारी हवा यांच्यातील अंतर साधारण तेवढेच राहते. हवा १० अंशांनी तापली, की प्रोसेसरही जवळपास १० अंशांनी वर सरकतो. एका सेवा केंद्राच्या चालकाची तक्रार होती, की दुपारी वीज गेली आणि संगणक इन्व्हर्टरवर आला की सेन्सर बिघडतो आणि आकडा चढत जातो. त्यांनी इन्व्हर्टर बदलण्याचीही तयारी केली होती. तेथे जाऊन बसल्यावर उलगडा झाला, की वीज गेल्यावर संगणक चालू राहत होता पण कूलर बंद पडत होता, कारण इन्व्हर्टरवर त्याची जोडणीच नव्हती. चाळीस मिनिटांत खोली ३१ वरून ४० वर गेली आणि प्रोसेसर ७४ वरून ८३ वर. दोन्हींत ९ अंशांचीच वाढ झाली होती. सेन्सर बिघडलेला असता, तर त्याने खोलीशी इतके इमान राखले नसते.

पहिली चाचणी पहाटेची. संगणक रात्रभर पूर्ण बंद ठेवावा, म्हणजे आतील सर्व भाग खोलीच्या तापमानाला येतात. सकाळी कूलर सुरू करण्यापूर्वी यंत्र चालू करून लगेच आकडे पाहावेत. मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांचे आकडे खोलीच्या तापमानाला जवळपास जुळायला हवेत आणि प्रोसेसरचा आकडा त्याहून थोडा वर हवा. खोली २९, डिस्क ३०, मदरबोर्ड ३१ आणि प्रोसेसर पहिल्याच क्षणी ७५ असेल, तर दोनच शक्यता उरतात. एक तर आकड्यात कायमची भर आहे, किंवा हीटसिंक चिपला टेकलेलाच नाही. एक सावधगिरी मात्र बाळगावी. हीच तपासणी बायोसच्या, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या स्वतःच्या, पडद्यावर केली, तर प्रोसेसर विंडोजमधल्या विश्रांतीच्या तुलनेत १० अंशांनी किंवा अधिकही गरम दिसू शकतो, कारण बायोसमध्ये असताना वीज वाचवण्याच्या त्याच्या सवयी सुरू झालेल्या नसतात. ‘बायोसमध्ये ५२ आणि विंडोजमध्ये ४०, मग खरे कोणते’ असे पुष्कळ जण विचारतात. दोन्ही खरी आहेत, वेळ आणि अवस्था निराळी आहे.

दुसरी चाचणी अधिक बोलकी आहे, आणि मला विचाराल तर एवढी एकच केली तरी निम्मे उत्तर मिळते. प्रोसेसरला एकदम पूर्ण काम द्यायचे आणि आकड्याची चाल पाहायची. सेव्हन-झिप या फाइल आवळणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्येच ‘बेंचमार्क’ ही सोय असते आणि तिने प्रोसेसर पूर्णपणे कामाला लागतो. काम सुरू होताच खरे तापमान एक-दोन सेकंदांत १०-२० अंशांनी उसळते, कारण चिप स्वतः इवलीशी असल्याने ती झटकन तापते. त्यानंतर चढण मंदावते, कारण आता अॅल्युमिनियमचा अख्खा हीटसिंक तापायचा असतो, आणि तो तापून स्थिर व्हायला काही मिनिटे लागतात. काम थांबवले की याच्या उलट घडते. आकडा धपकन खाली येतो आणि मग सावकाश उतरत राहतो. चुलीवर ठेवलेला तवा लगेच चटका देतो पण चूल विझल्यावरही वैल उशिरापर्यंत ऊबदार राहते, तशीच ही दोन निरनिराळ्या वेगांची उष्णता आहे. ही चाल कोणताही बिघडलेला सेन्सर हुबेहूब वठवू शकत नाही. जो आकडा कामाला दाद देत नाही, किंवा काहीही न करता ५० वरून ११० आणि पुन्हा ५० असा उड्या मारतो, तो तापमान नव्हे. प्रोसेसरच्या निरनिराळ्या कोअरमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आतल्या भागांमध्ये, ५ ते १० अंशांचा फरक दिसला, तर तो बिघाड मानू नये. सगळे कोअर ६५ वर आणि एकच कोअर कायम ९५ वर असेल, तर मात्र त्याची वेगळी नोंद घ्यावी.

याच वेळी हाताचा उपयोग करावा. यंत्र बंद करून, वायर काढून, कॅबिनेटची बाजू उघडून हीटसिंकच्या कडेला बोट लावले, तर साधारण ५० अंशांचा धातू क्षणभर धरता येतो आणि ६० अंशांचा पटकन सोडावा लागतो. हीटसिंक चिपपेक्षा नेहमीच बराच थंड असतो, त्यामुळे स्क्रीनवर ८५ आणि हाताला ५५ असे असले, तर त्यात विसंगती नाही. विसंगती तेव्हा असते, जेव्हा स्क्रीनवर ९८ असतात आणि हीटसिंक जेमतेम कोमट लागतो.

हात लावायला भीती वाटते म्हणून काही जण कोरोनाच्या काळात शाळेत आणि ग्रामपंचायतीत आलेली, कपाळावर रोखायची तापमापक बंदूक आणतात. तिने हे काम होत नाही, आणि त्याला कारणे दोन. शरीराचा ताप मोजण्यासाठी बनवलेल्या बंदुकीची मजल साधारण ४२-४३ अंशांपर्यंतच असते. कारागिरांकडे मिळणारी दुसरी, मोठ्या मजलीची बंदूक घेतली, तरी चकचकीत अॅल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने फार कमी बाहेर टाकते आणि आरशासारखी आजूबाजूचीच उष्णता परत पाठवते, म्हणून बंदूक प्रत्यक्षापेक्षा खूप कमी आकडा सांगते. हीटसिंकच्या कडेवर वायरमनच्या काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून, तो तापू देऊन, त्यावर बंदूक रोखली तर उत्तर पुष्कळ बरे येते. तरीही तो हीटसिंकचा आकडा झाला, चिपचा झाला नाही.

शेवटचा साक्षीदार प्रोसेसर स्वतः आहे. मर्यादेला पोहोचल्यावर तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि एवढ्यानेही भागले नाही तर यंत्र बंद पाडतो. हा निर्णय तो आपल्या स्क्रीनवरील सॉफ्टवेअरला विचारून घेत नाही. आपल्या आतल्या सेन्सरवरून घेतो. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये वेगाचा गिगाहर्ट्झमधील आकडा आणि शेजारी तापमान, असे दोन्ही उघडे ठेवून पाच-दहा मिनिटे पूर्ण काम द्यावे. तापमान १०० ला टेकले आणि वेग ३.६ वरून २ च्या खाली आला, तर आकडा खरा मानायला हरकत नाही. सॉफ्टवेअर ११० दाखवत असूनही वेग तसूभर ढळत नसेल, तर खोट सॉफ्टवेअरच्या हिशेबात आहे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये उष्णतेमुळे वेग कमी केला की नाही, याचे हो किंवा नाही असे सरळ उत्तरही मिळते, आणि ते अधिक सोयीचे आहे, कारण लॅपटॉपमध्ये वेग विजेच्या मर्यादेमुळेही कमी होतो आणि नुसत्या गिगाहर्ट्झवरून दोन्हींतला फरक कळत नाही. या चाचणीसाठी पंखा काढून ठेवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, आणि आपल्या मे महिन्यात त्याची गरजही पडत नाही.

एका गावातील शाळेत या सर्व साक्षी एकत्र कामी आल्या. तेथील इंटेल आय-थ्री प्रोसेसरचे यंत्र सुरू होताच ९८ वर जाई आणि इतके मंद होई, की पोषण आहाराची नोंद भरायला अर्धा तास लागे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका दुकानाने सेन्सर गेल्याचे सांगून मदरबोर्ड बदलण्याचा खर्च काढला होता, आणि त्यांचा तर्क असा, की हीटसिंक थंडगार असताना ९८ अंश असणारच कसे. तर्क वरवर बरोबर होता. पण वेग पडत होता, म्हणजे प्रोसेसरला स्वतःला आपण तापल्याचे कळत होते. आणि काम सुरू होताच आकडा क्षणात उसळत होता, म्हणजे तो जिवंत होता. मग हीटसिंक थंड राहण्याचे कारण एकच उरले, की उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हती. इंटेलच्या पंख्याला मदरबोर्डमध्ये दाबून बसवण्याचे चार प्लास्टिकचे खुंटे असतात. त्यांतले दोन निसटलेले होते आणि चिप आणि हीटसिंक यांच्या मधली, उष्णता पोहोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. पेस्ट नवी लावून आणि चारही खुंटे ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवल्यावर तेच यंत्र पूर्ण कामात ६६ वर स्थिर झाले. हीटसिंक मात्र पूर्वीपेक्षा गरम लागू लागला, आणि ते शुभलक्षण होते.

आकडा खरा ठरला म्हणजे यंत्र आजारी ठरते असेही नाही. एएमडीची २०२२ मध्ये आलेली रायझन ७००० मालिका पूर्ण कामात ९५ अंशांपर्यंत जाईल अशाच बेताने बनवली आहे, आणि अलीकडचे पुष्कळ पातळ लॅपटॉपही जोराच्या कामात ९५ च्या आसपास जाऊन आपला वेग सांभाळून घेतात. त्याउलट जुने साधे डेस्कटॉप यंत्र नुसते टायपिंग करताना ८५ वर असेल, तर ते मर्यादेच्या आत असूनही त्यात काहीतरी अडकलेले आहे. आमच्या भागात हे ‘काहीतरी’ बहुधा धुळीचे आणि रुईचे असते. जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे कापसाचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत शिरून त्यांची अक्षरशः गादी तयार होते. पंखा फिरताना दिसतो, आवाजही करतो, पण वारा आरपार जात नाही. ती गादी ब्रशने सोडवून ब्लोअरने उडवावी आणि त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर झोताने तो भन्नाट फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.

कोणत्याही एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याच यंत्राचा जुना आकडा अधिक उपयोगी पडतो, म्हणून मी आमच्या दुकानातील संगणकाच्या कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर जानेवारीत खोली २२ आणि पूर्ण कामात प्रोसेसर ६३, म्हणजे अंतर ४१. त्याच वर्षीच्या मे महिन्यात खोली ४१ आणि प्रोसेसर ८३, म्हणजे अंतर ४२, अशा नोंदी आहेत. ८३ पाहून त्या वेळी दुकानातील मुलगा घाबरला होता, पण अंतर वाढले नसल्याने आम्ही यंत्राला हात लावला नाही. यंदाच्या मे महिन्यात खोली ४२ आणि प्रोसेसर ९७ निघाला. अंतर ५५ झाले होते. मी यंत्र बंद करून स्क्रूड्रायव्हर आणि ब्रश घेतला.